भोंग्याचं तोंड

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, ही गोष्ट मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हती. माहेरी मी निंदणात गायचे, जात्यावर गायचे, विहारात वंदना झाली की गायचे, आणि माझा आवाज आपला माझ्यापाशीच असायचा. तो कुठे जातो, परत कधी येतो, असले प्रश्न कोणाला पडतात? मला तरी पडले नव्हते.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात लग्न होऊन मी केनवडला आले. सासरी गायन पार्टी होती. सासरे पेटी वाजवायचे, आमचे हे ढोलक वाजवायचे, शेजारच्या दोघी बाया मागून ओळ उचलत झील धरायच्या, आणि मुख्य गाणारं माणूस मात्र टिकत नव्हतं. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो आणि सासूला आत्याबाई. मामाजी मला पाहायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकाचं विचारलं नाही की शिवणाचं विचारलं नाही. म्हणाले, "पोरी, एक गाणं म्हणून दाखव." मी म्हटलं. त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि माझ्या वडलांना म्हणाले, "आमाले पोरगी पसंत आहे." आमच्या ह्यांना अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

आता गंमत ऐका. त्या काळी सासऱ्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही. डोक्यावरचा पदर कान झाकून पार हनुवटीपर्यंत ओढलेला पाहिजे. काही सांगायचं असलं तर आत्याबाईंना सांगायचं, त्या मामाजींना सांगणार, मग माझ्यापासून दोनच हातांवर बसलेले मामाजी आत्याबाईंना उत्तर देणार. आणि त्याच सासऱ्याच्या शेजारी बसून त्याच सुनेनं साऱ्या गावापुढे खड्या आवाजात गायचं! बोलायला बंदी आणि गायला मोकळीक. मी पण म्हटलं, चला, एक तरी दार उघडं आहे.

एप्रिलातली जयंती आली. सकाळी मिरवणूक आणि दुपारी ऊन कललं की विहारासमोरच्या ओट्यावर गाणी, असा आमच्याकडचा रिवाज होता, कारण संध्याकाळच्या लाइटीचा काही भरवसा नसायचा. रिसोडहून लाउडस्पीकरवाले चाचा मशीन घेऊन यायचे. सोबत एक माइक आणि दोन भोंगे. भोंगे लिंबाच्या झाडावर बांधायचे आणि त्यांची तोंडं गावाकडे करायची. ओट्यासमोर बसलेल्या आमच्या वस्तीतल्या माणसांकडे नाही, थेट गावाकडे! मामाजी स्वतः झाडाखाली उभे राहून बघायचे. "चाचा, अजून जराक फिरवा. हां. आता बराबर गावाच्या तोंडावर आलं."

मी पहिल्यांदाच माइकसमोर बसले होते. पोरीला शाळेत धाडा असं सांगणारं गाणं होतं, मामाजींनीच रचलेलं. पहिलं कडवं नीट गेलं असं मला वाटलं. वाटलं म्हणते, कारण ऐकू काहीच येत नव्हतं. माझ्या तोंडातून शब्द निघायचा आणि भोंगा तो उचलून पळून जायचा. पाठीमागे ढोलक धडधडत होतं आणि कानावर पदर होता. मग दुसऱ्या कडव्यात गावाच्या बाजूनं कोणीतरी बाई माझंच गाणं म्हणत असल्यासारखी ऐकू येऊ लागली, माझ्यापेक्षा अर्धं पाऊल मागून. मी तिच्यासाठी थांबले. मी थांबले म्हणून झील धरणाऱ्या थांबल्या. ह्यांनी ताल सावरायला म्हणून ढोलक जोरात हाणलं. पेटी तर भलत्याच वाटेनं चालली होती. तिसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही पाच माणसं पाच दिशांना पांगलो होतो. गर्दीतून एक पोट्टं ओरडलं, "बैल बुजले रे, बैल बुजले!" आणि सारी माणसं खो खो हसली.

घरी आल्यावर मामाजी खाटेवर बसले. मी चुलीपाशी, दोन हातांवर. ते आत्याबाईंना म्हणाले, "तिले सांग, तिले ताल नाई. घरात चांगली गाते, माइक पाह्यला का सुटते. पुढल्या सालापासून तिनं मागं झील धराव. मी कारंज्याहून गाणारी आणतो."

आत्याबाईंनी मला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला गाणं ऐकून आणलं होतं हो या घरात! स्वयंपाकात चुकले असते तर मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण ताल नाही? मला? त्या रात्री मी जेवले नाही, आणि कोणी जेव म्हटलं असतं तरी ताट भिरकावलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा भोंगे उतरवत होते. मी घागर घेऊन तिकडूनच गेले आणि घागर खाली ठेवली. म्हटलं, "चाचा, काल दुसरी बाई कोण गाऊन राह्यली होती?"

चाचा हसले. "दुसरी कोण राहीन बाई? तुमीच होत्या. तो गोदाम दिसते ना?"

विहार आणि गाव यांच्या मधल्या मोकळ्या जागेपलीकडे सोसायटीचं धान्याचं गोदाम दोन-तीन वर्षांपूर्वी उभं राहिलं होतं. लांबच लांब पांढरी भिंत, ना खिडकी ना दार. चाचा म्हणाले, "भोंगा आवाज पुढं फेकते. तो जाऊन भिंतीवर आपटते आन वापस येते. येता येता त्याले वखत लागते. आयकणाऱ्याले समदं बराबर आयकू येते, पण गाणाऱ्याच्या पदरात काईच पडत नाई. जे पडते ते शिळं."

"मंग एक भोंगा आमच्याकडं फिरवा ना."

"माइककडं भोंग्याचं तोंड केलं का शिट्टी मारते, बाई. कान फुटतीन."

चाचा गेल्यावर मी ओट्यावर उभी राहिले आणि घागरीवर दगडानं एक ठोका दिला. टण्! मी मनात 'एक' म्हणेपर्यंत गोदामानं उत्तर दिलं, टण्. पुन्हा ठोका दिला, पुन्हा उत्तर आलं. मला इतका आनंद झाला की मी दहा-बारा वेळा ठोकलं आणि घागरीला पोचा पाडला. त्याबद्दल आत्याबाईंची बोलणी खाल्ली ती वेगळी.

घरी गेल्यावर आत्याबाईंना म्हटलं, "मामाजीले सांगा, भोंग्याचं तोंड गोदामाकडून काढा. चूक माही नाई, भिंतीची आहे."

मामाजी तिथेच दाढी करत बसले होते. म्हणाले, "तिले सांग, नाचता येईना अंगण वाकडं."

ही म्हण ज्यानं काढली त्यानं कधी कोणाचं अंगण मोजून पाहिलं होतं का, मला सांगा! मी घागर दाखवली, ठोक्याचं सांगितलं. सगळं आत्याबाईंमार्फत. त्या बिचाऱ्या दोघांच्या मधे मान फिरवून फिरवून थकल्या. शेवटी मामाजींनी वस्तरा खाली ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून बोलले.

"सूनबाई, माह्या बापाच्या लग्नात वाजा वेशीपाशी बंद केला होता. आत वाजवाले मनाई होती. मी पेटी शिकलो ते हे मनात ठेवून शिकलो. भोंगा आला तवा मी पह्यल्यांदा झाडावर चढून त्याचं तोंड गावाकडं केलं. आता गाणं गावात जाते. तिकडून फिरून येते तवा तर माहं मन असं भरते! त्याचं तोंड मी फिरवणार नाई. भिंत असो नाईतर डोंगर असो."

खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले. पण राग काही गेला नाही. त्यांच्या बापाचा वाजा बंद केला तो गावानं, आणि माझं गाणं बंद करायला निघाले हे. त्या रागाच्या भरात त्यांचं एक वाक्य माझ्या कानावरून निघून गेलं. ते मला सापडायला पुढे वर्ष लागलं.

मी ठरवलं, भोंगा फिरत नसेल तर न फिरो. पुढल्या जयंतीला मीच गाईन.

आम्ही दोघं नवरा-बायको गावच्या एका मळ्यात कामाला होतो. तिथे विहिरीवर डिझेलचं इंजन होतं, कांद्याला पाणी द्यायचं. ते चालू झालं की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. मी म्हटलं, हीच आपली शाळा. दुपारच्या सुट्टीत भाकर खाऊन झाली की मी इंजनापाशी बसून गायचे आणि हे दहा पावलांवर बसून रिकाम्या डब्यावर ताल धरायचे. सुरुवातीला माझं तेच झालं, आवाज सुटला आणि ताल हरवला. हे हसायचे. म्हणायचे, "इंजनाले चाल लावून राह्यली का वं?" मी म्हणायचे, "तुमी डबा वाजवा. दात नोका दाखवू."

पावसाळा गेला, कांदा पुन्हा लागला आणि मी पुन्हा इंजनापाशी बसले. गळ्याच्या आतून सूर कसा लागतो ते ओळखायला शिकले. छातीवर हात ठेवून शिकले. थोडं जमायचं, थोडं निसटायचं. मग माघात एका दुपारी ऊन टळावं म्हणून मी इंजनाच्या खोपीला टेकलेल्या दोन टिनपत्र्यांच्या समोर, तोंड तिकडे करून बसले आणि गाऊ लागले. मायवं! हे कोण गातंय? इंजन धडधडतच होतं, आणि त्यातून माझा आवाज स्वच्छ माझ्या तोंडावर येत होता. मागून नाही आला, शिळा नाही आला. मी बोलेन तेव्हाच आला. मी उठून चार पावलं लांब गेले, आवाज गेला. परत बसले, परत आला. ह्यांना हाक मारली. तेही डबा घेऊन टिनासमोर बसले, चार ठोके दिले, आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"मले माहाच डबा आयकू येते वं," म्हणाले.

"मंग इतके दिवस काय मी थट्टा करून राह्यली होती?"

ती टिनं मळ्याच्या मालकांची, जुनी, गंजकी. मी मागितली. ते म्हणाले, "न्या, पण कायले?" मी म्हटलं, "गाण्याले." त्यांना वाटलं, बाईला ऊन लागलं.

जयंतीच्या आठ दिवस आधी आत्याबाईंनी मामाजींपुढे विषय काढला. मी दाराआड उभी होते. मामाजी म्हणाले, कारंज्याच्या बाईला निरोप गेला आहे, ती येणार आहे. आत्याबाई म्हणाल्या, "येऊ द्या. पण पह्यलं गाणं सुनेले द्या. वर्षभर इंजनापाशी घसा फोडून राह्यली ती. तुमाले दिसत नसन, मले दिसते."

मामाजींनी पेटीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "एक. एकच गाणं. बिघडलं तर पुन्हा माइकसमोर बसाचं नाव काढाचं नाई."

मी दाराआडूनच म्हटलं, "कबूल." आत्याबाईंनी कपाळावर हात मारला.

जयंतीच्या दुपारी आम्ही दोघं टिनं डोक्यावर घेऊन विहारापाशी आलो. लोकांना तमाशाच मिळाला. "काय वं, ओट्यावर गोठा बांधता का?" ओट्याच्या पुढच्या कडेला, माइकच्या दोन्ही बाजूंना एकेक टिन विटांना तिरपं टेकवून ठेवलं, तोंडं आमच्याकडे. चाचांनी येऊन निरखून पाहिलं, टिचकी मारली आणि म्हणाले, "अक्कल तर मोठी लावली." कारंज्याची बाई तोवर आली होती. चांगली होती बिचारी. खाली पहिल्या रांगेत बसून सुपारी कातरत होती.

मामाजी पेटी घेऊन आले आणि थबकले. "हे काय लावलं?"

साऱ्या वस्तीसमोर मी त्यांच्याशी थेट बोलले. "मामाजी, मले माहाच आवाज आयकू येत नाई. हे टिनं असतीन तर मी गाईन. नाईतर नाई."

मी पदर डोक्यावर ठेवला, पण दोन्ही कानांमागे खोचून टाकला. कान उघडे. खालून आत्याबाई म्हणाल्या, "डोक्यावर आहे ना? मंग झालं." मामाजी पेटी मांडून बसले. भोंग्यांची तोंडं गावाकडेच होती, तसूभर फिरली नव्हती.

तेच गाणं घेतलं, मागच्या वर्षीचं. मुद्दामच. पहिल्या ओळीलाच टिनातून माझा आवाज माझ्यापाशी आला. शेजारी ढोलक आलं, मागच्या दोघींची झील आली. आम्ही चौघं एका जागी होतो. दुसऱ्या कडव्यात गोदामाकडून ती शिळी बाई आलीच. मी तिला म्हटलं, तू ये नाहीतर जा, मी आता थांबत नाही. आणि तेव्हाच मला कळलं की गाणं तरीही ओढलं जातंय. मागे खेचलं जातंय. मी नव्हते खेचत, ढोलक नव्हतं खेचत, झील नव्हती. पेटी होती.

मी मान वळवून पाहिलं. मामाजींची बोटं पेटीवर होती, पण डोळे मिटलेले, मान उजवीकडे कललेली आणि कान गावाकडे लागलेला. गोदामावरून फिरून येणारा आवाज ऐकत ते पेटी वाजवत होते. तो आला की त्यांची पट्टी दाबली जायची. तेव्हा मला त्यांचं वर्षापूर्वीचं ते वाक्य आठवलं, तिकडून फिरून येते तवा माहं मन भरते. अरे देवा! गाणं गावात पोचलं की नाही हे ऐकण्याच्या नादात हा माणूस आमच्यात नव्हताच. गोदाम झालं तेव्हापासून तो भिंतीबरोबर वाजवत होता. गाणारी टिकत नव्हती ती का, तेही मला तिथेच कळलं.

आता मी काय करावं? सासऱ्याच्या मागे जावं तर गाणं बुडतं आणि माझं नाव त्याच्यासोबत. पुढे जावं तर पेटी मागे राहते आणि साऱ्या लोकांसमोर म्हाताऱ्याचं हसं होतं. खाली कोणीतरी हसलंच. तेच पोट्टं असावं, वर्षानं मोठं झालेलं.

मी माइककडे पाठ केली. पूर्ण पाठ. मामाजींच्या पुढ्यात सरकले आणि तिसरं कडवं त्यांच्या उजव्या कानात गायले, गावाकडे लागलेल्या कानात, हातभर अंतरावरून. सुनेनं सासऱ्याच्या इतक्या जवळ जाऊन! भोंग्यातून त्या कडव्यात फक्त ढोलक गेलं असेल. गावानं माझं ते कडवं ऐकलंच नाही, न ऐको. ते एका माणसासाठी होतं.

मामाजींनी दचकून डोळे उघडले. पेटी अडखळली. मी त्यांच्याकडे बघत, मानेनं सम दाखवत गात राहिले. ह्यांनी ढोलक आणखी जवळ सरकवलं. दोन ओळी गेल्या, आणि पेटी आली. बरोबर आली, माझ्या सुराखाली येऊन बसली. मामाजींचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. वाट चुकलेलं पोर घरच्यांना बाजारात दिसावं, तसा झाला होता. मी तोंड माइककडे केलं आणि शेवटची दोन कडवी आम्ही पाचही जणांनी अशी घेतली की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मला सगळं ऐकू येत होतं हो! माझं, ह्यांचं, त्या दोघींचं, मामाजींचं. गाणं संपलं तेव्हा कारंज्याच्या बाईनं हातातला अडकित्ता खाली ठेवून टाळी वाजवली.

टाळ्या थांबल्या. मामाजी पेटीवर दोन्ही हात ठेवून मान खाली घालून बसले होते. मग ते ह्यांच्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "मागल्या साली चूक माही होती. सूनबाईची नोती."

माइक मधेच होता आणि चाचांनी तो बंद केला नव्हता. ते वाक्य दोन्ही भोंग्यांनी उचललं आणि गावावर टाकलं. वस्तीनं ऐकलं, गावानं ऐकलं. आणि मग गोदामाकडून मामाजींचा आवाज सावकाश फिरून आला: सूनबाईची नोती.

मामाजींनी तो ऐकला. मान वर केली, गावाकडे पाहिलं, भोंग्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे उठून जातात. एक गाणं ठरलं होतं आणि ते झालं होतं, म्हणून मी माइकपासून सरकायला लागले.

मामाजींनी पेटी उचलून माझ्याकडे वीतभर सरकवली, स्वतःही सरकले आणि समोरचं टिन आपल्याकडे जरा वळवून घेतलं.

"कुठं चालली?" म्हणाले. "बस. दुसरं घे."